बुडाखालचा शिक्का वाचायची साधनं: टॉर्च, भिंग, फॉइल, युव्ही दिवा आणि फोटो-शोध यांचं परीक्षण

सेकंडहँड स्टुडिओ पॉटरी (छोट्या कार्यशाळेत हाताने घडवलेली भांडी) हातात आली की पहिली हालचाल ठरलेली असते: भांडं उलटं करायचं. दुसरीही ठरलेली: मोबाइल काढायचा, फ्लॅश मारून बुडाचा फोटो घ्यायचा आणि शोधसेवेत टाकायचा. गाडी रुळावरून घसरते ती इथेच. शिक्का म्हणजे कुंभाराने किंवा कार्यशाळेने ओळखीसाठी मातीत दाबलेली खूण: जेमतेम सेंटिमीटरभर रुंद आणि मिलिमीटरभर खोल खड्डा. मोबाइलचा फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो, त्यामुळे प्रकाश सरळ खड्ड्यात उतरतो, सावली पडतच नाही आणि अक्षरं मातीत विरून जातात. जो फोटो डोळ्यांना लागत नाही, तो यंत्राला काय लागणार?

म्हणून इथे साधनं वापरायच्या क्रमाने घेतली आहेत. नाव शोधून देणारी साधनं शेवटी येतात, खूण नीट दाखवणारी आधी.

त्याआधी धुणं. बुडाच्या खाचेत वर्षानुवर्षांचा मळ आणि पॉलिश साचलेलं असतं, आणि निम्मे ‘न वाचता येणारे’ शिक्के मऊ ब्रश, कोमट पाणी आणि सौम्य साबण एवढ्यावर वाचता येतात. खाच कोरायचीच तर लाकडी टूथपिकने. सुई किंवा पिन नको. कोऱ्या मातीवर आणि मॅट ग्लेझवर (ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर) धातू करड्या रेघा ओढतो आणि त्या सहज जात नाहीत. किमतीच्या स्टिकरचा चिकटा काढायला तेल लावायचा मोह होतो, पण बिनग्लेझच्या बुडात तेल मुरतं आणि डाग कायमचा राहतो. कमी तापमानाला भाजलेलं, ग्लेझला बारीक भेगा पडलेलं अर्दनवेअर पाण्यात बुडवून ठेवू नये, पुसून घ्यावं. आणि धुण्यापूर्वी बुडावर जुनं कागदी लेबल आहे का ते पाहावं. अमेरिकेतल्या ऑटो आणि गर्ट्रूड नॅट्झलर यांच्या भांड्यांवर ग्लेझचा क्रमांक लिहिलेलं कागदी लेबल असायचं. ते धुतलं की अर्धी ओळख गटारात.

टॉर्च

सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत उपयोगी साधन. एकच छोटा एलईडी आणि आवळता येणारा झोत एवढं पाहून घ्यावं. मोठ्या पॅनेलचा दिवा किंवा गोल रिंग-लाइट इथे कुचकामी, कारण चहूबाजूंनी आलेला प्रकाश एकमेकांच्या सावल्या खाऊन टाकतो.

खोलीत अंधार करावा. घडी घातलेल्या टॉवेलवर भांडं उपडं ठेवावं. टॉर्च बुडाच्या पातळीवर जवळजवळ आडवा धरावा. पृष्ठभागाशी १० ते १५ अंशांचा कोन पुरे. मग टॉर्च जागचा हलवायचा नाही, भांडं पाव-पाव फेरी फिरवायचं आणि चार फोटो घ्यायचे. चार कशासाठी? जी रेघ प्रकाशाच्या दिशेने धावते तिची सावली पडत नाही. एच या अक्षराची मधली दांडी एका फोटोत गायब होते आणि दोन सुट्या काठ्या उरतात. एल नुसता आय दिसायला लागतो. चारही फोटो शेजारी ठेवले की जी रेघ किमान दोन फोटोंत आहे ती खरी, एकाच फोटोत आहे तो बहुधा ओरखडा.

इथे एक फसगत हमखास होते. प्रकाश वरून येतो अशी डोळ्यांची सवय आहे. फोटोत तो खालून आलेला असला की खड्डा उंचवटा वाटतो, आणि दाबलेला शिक्का उठावाचा शिक्का म्हणून नोंदवला जातो. त्यामुळे चारही फोटोंत टॉर्च चौकटीच्या वरच्या डाव्या बाजूलाच राहिला पाहिजे. नंतर फोटो फिरवून कुणाला पाठवला तर प्रकाश कुठून होता तेही सांगावं.

ग्लेझनुसार टॉर्चची कामगिरी बदलते. कोऱ्या स्टोनवेअरवर (जास्त तापमानाला भाजलेल्या टणक भांड्यांवर) तो उत्तम. सेलाडॉनसारख्या पारदर्शक ग्लेझखालच्या शिक्क्यात ग्लेझ साचून खोल रेघा आपोआप गडद होतात. तिथे टॉर्चची चमक उलट आड येते, खिडकीचा मऊ उजेड बरा. काळ्या-तपकिरी टेनमोकू ग्लेझमध्ये अक्षर दिसत नाही, पण त्याच्यावरचा ग्लेझ किंचित खचलेला असतो आणि आडव्या झोतात तेवढा खळगा पकडता येतो. सॉल्ट-ग्लेझच्या (भट्टीत मीठ टाकून आणलेल्या ग्लेझच्या) संत्र्याच्या सालीसारख्या पृष्ठभागावर बारीक अक्षरं भट्टीतच बुजलेली असतात. तिथे टॉर्चही हात टेकतो.

झोत फक्त बुडावर मारून थांबू नये. अनेक स्टुडिओंचे शिक्के बुडाखाली नसतात, बाहेरच्या भिंतीवर बुडापासून बोटभर वर असतात, कधी हँडलच्या खालच्या जोडाजवळ. इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज आणि विंचकोम या दोन्ही ठिकाणच्या कार्यशाळांच्या भांड्यांवर शिक्का असा बाजूला सापडतो. ‘बुडाखाली काही नाही, म्हणजे अनामिक’ असं म्हणून बाजूला ठेवलेल्या भांड्यांत अशी बरीच असतात.

भिंग

घडीचं १० पट भिंग, तीन काचा जोडून केलेलं, ज्याला ट्रिपलेट म्हणतात, हे एवढं एकच घ्यावं. साध्या एका काचेच्या भिंगात कडेला रंगीत झालर येते आणि सरळ रेघ वाकते. अक्षर वाचताना ते भोवतं. स्वस्तात मिळणारी ‘३० पट’ आणि ‘४० पट’ भिंगं बहुतेक वेळा तेवढ्या पटीची नसतात. तपासणी सोपी आहे: २५० ला पटीने भागलं की भिंगाचं नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. १० पट भिंग कागदापासून साधारण २५ मिमीवर स्पष्ट दाखवतं. ३० पट खरं असेल तर ते ८ मिमीवर आणावं लागेल. पट्टी लावून मोजावं. ‘३० पट’ भिंग २५ मिमीवरच स्पष्ट दाखवत असेल तर ते १० पटच आहे, वरचा आकडा छापण्यापुरता.

शिवाय एवढी पट लागतही नाही. भिंग ८ मिमीवर आलं की टॉर्चचा झोत आत शिरायला जागा राहत नाही. अख्खा शिक्का एका नजरेत बघायला ५ पट भिंग खरं तर जास्त सोयीचं. १० पट लागतं ते रेघेच्या कडा बघायला. दिवा बसवलेली भिंगं रंगवलेल्या खुणांसाठी ठीक, दाबलेल्या शिक्क्यासाठी नकोत. कारण तेच: गोलाकार एलईडी, सावली नाही.

भिंगातून अक्षराआधी कड वाचायची असते. ओल्या मातीत काडीने कोरलेल्या सहीच्या दोन्ही बाजूंना मातीचा बारीक बांध उठतो आणि भाजल्यावर तो गुळगुळीत झालेला दिसतो. अर्धवट वाळलेल्या, कुंभार ज्याला लेदर-हार्ड म्हणतात त्या अवस्थेत दाबलेल्या शिक्क्याचा तळ सपाट आणि कड नेटकी असते. भाजून झाल्यावर खरवडलेली खूण मात्र लपत नाही: कडा कणाकणाने तुटलेल्या, आत फिकट भुकटीसारखी माती, आणि रेघ ग्लेझवरून गेली असेल तर ग्लेझच्या कपच्या उडालेल्या. असलं नाव एखाद्या मोठ्या कुंभाराचं निघालं तर आनंद आवरता घ्यावा. मात्र खरवडलेली प्रत्येक गोष्ट लबाडीची नसते. भेट देणाऱ्याने तारीख किंवा नाव खरवडलेलं असतं, कधी विक्रेत्याचा साठा क्रमांक असतो.

मिमीची पट्टी भिंगाइतकीच महत्त्वाची, आणि ती कुठल्याच संचात नसते. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, स्टोनवेअर साधारण १० ते १३ टक्के. १२ मिमीचा शिक्का १२ टक्के आक्रसणाऱ्या मातीत दाबला तर भाजल्यावर साधारण १०.६ मिमीचा उरतो. तोच शिक्का वेगळ्या मातीत वेगळा उरेल, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या फरकावरून कुणाला खोटं ठरवू नये. पण कुणी तयार भांड्यावरच्या ठशावरून साचा काढून मातीचाच नवा शिक्का केला असेल, तर आक्रसणं पुन्हा दोनदा होतं: एकदा तो शिक्का भाजताना, एकदा नवं भांडं भाजताना. १०.६ चे ९.३ होतात आणि मग ८.२. एवढी तफावत साध्या पट्टीने पकडता येते, आणि सोबतीला कडा बोथट झालेल्या असतात.

फॉइल आणि पेन्सिल

पातळ कागद ठेवून ६बी पेन्सिलीने घासून ठसा उतरवायची जुनी रीत कोऱ्या बुडावर अजून चालते, फक्त कागद फाटला तर शिशाची भुकटी मातीत शिरते. त्याहून स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल उजवं. चमकदार बाजू आत ठेवून तुकडा शिक्क्यावर पसरावा, खोडरबराने हळूहळू दाबत जावं, मग अलगद उचलावा. मॅट बाजूवर डाग न पडता शिक्का उतरतो आणि तो टॉर्चखाली निवांत फिरवता येतो. दाबताना वर असलेल्या बाजूने पाहिलं तर अक्षरं सुलटी असतात, मागून पाहिलं तर आरशातली. प्लॅस्टिसीन किंवा तत्सम तेलकट माती दाबू नका, तिचं तेल बुडात उतरतं. ग्लेझने भरलेल्या शिक्क्यावर मात्र फॉइल आणि पेन्सिल दोन्ही निरुपयोगी.

युव्ही दिवा

कुंभार कोण, हे युव्ही दिवा सांगत नाही. त्याच्या जाहिराती वाचून तसं वाटेल, पण त्याचं काम डागडुजी पकडण्याचं: रेझिनने भरलेला टवका, वरून मारलेला रंग, घासून मिटवलेली खूण झाकणारा लेप हे निळसर-पांढरे किंवा पिवळट चमकतात. सगळेच आधुनिक रंग चमकतात असं नाही, त्यामुळे काही दिसलं नाही म्हणजे भांडं अखंड, असा अर्थ निघत नाही. घ्यायचा तर ३६५ नॅनोमीटरचा. ३९५ चे दिवे सर्रास मिळतात, पण त्यांचा जांभळा उजेडच इतका असतो की मंद चमक त्यात बुडून जाते. डोळ्यांना युव्ही चष्मा हवा. आणि भांडं नुसत्या पाण्याने नीट खळबळलेलं हवं. डिटर्जंटमधली पांढरेपणाची द्रव्यं स्वतःच निळी चमकतात आणि सबंध बूड ‘दुरुस्त’ केल्यासारखं दिसतं. शिक्के वाचणं एवढंच करायचं असेल तर हा दिवा नाही घेतला तरी अडत नाही.

फोटोवरून शोध

मोबाइलमधली चित्र-शोध सेवा फुकट आणि हाताशी, त्यामुळे तिच्याविषयी जरा सविस्तर.

कारखान्याचा छापील शिक्का, पूर्ण शब्दांत लिहिलेलं नाव किंवा गावाचं नाव असेल तर ही सेवा चटकन आणि बऱ्यापैकी बरोबर उत्तर देते. दाबलेल्या एक-दोन अक्षरांवर ती अडखळते, कारण तिला दिसतं ते तपकिरी वर्तुळ, आणि तपकिरी वर्तुळं जगात कमी नाहीत. ती मग सारख्या रंगाची, सारख्या आकाराची भांडी समोर ठेवते. आपण शिक्का विचारला होता, उत्तर रंगाचं आलं, हे लक्षात यायलाच वेळ लागतो.

निकाल सुधारायचा तर टॉर्चच्या चार फोटोंपैकी सर्वांत स्पष्ट निवडावा, शिक्का चौकटीचा दोन-तृतीयांश भाग व्यापेल इतका कापावा, कृष्णधवल करून काँट्रास्ट वाढवावा. मग तोच फोटो चारही बाजूंनी फिरवून चार वेळा शोधावा. कुंभाराने शिक्का कुठून पकडला होता हे आपल्याला ठाऊक नसतं. डब्ल्यू उलटा केला की एम, एन आडवा केला की झेड. एस, एन, झेड, एच, आय, ओ, एक्स ही अक्षरं उलटी धरली तरी तशीच राहतात, फक्त त्यांचा क्रम बदलतो, आणि चुकीची आद्याक्षरं घेऊन माणूस तासन्‌तास भटकतो.

खरी अडचण उत्तर मिळाल्यानंतर सुरू होते. बहुतेक निकाल विक्रीच्या जाहिरातींतून येतात. एका विक्रेत्याने ‘बहुधा अमुक’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याने त्यातलं ‘बहुधा’ गाळलेलं असतं, तिसऱ्याने तेवढ्यावर किंमत वाढवलेली असते. शोधसेवेला हे तीन पुरावे दिसतात. प्रत्यक्षात तिघांनी एकमेकांची री ओढलेली असते. म्हणून प्रत्येक निकालापुढे एकच प्रश्न: या पानावर शिक्क्याचा फोटो आहे का, आणि तो आपल्या फॉइलवरच्या ठशाशी रेघेला रेघ जुळतो का? फोटो नसेल तर ते पान बंद करावं, नाव कितीही आवडलं तरी.

कोश आणि संग्रहालयांच्या नोंदी

शिक्क्यांचा कोश, छापील असो की ऑनलाइन, घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: शिक्क्याचं रेखाटन आहे की फोटो, मिमीत माप दिलंय का, आणि एकाच माणसाच्या वेगवेगळ्या काळांतल्या खुणा वेगळ्या दाखवल्यात का. नुसत्या आद्याक्षरांची यादी देणारा कोश दिशाभूल करतो. जे-एल हीच अक्षरं घ्या. सेंट आइव्हजच्या जॅनेट लीच आणि इंग्लंडमधल्याच मचेल्नी गावचे जॉन लीच, दोघांचीही आद्याक्षरं तीच. तिथे माती, घाट आणि सोबतचा दुसरा शिक्का हाच निवाडा करतो.

दुसरा शिक्का ही या सगळ्या विषयातली सर्वांत कामाची गोष्ट आहे, आणि बहुतेक विक्रेते ती नोंदवतच नाहीत. अनेक स्टुडिओंमध्ये दोन शिक्के चालायचे: एक कार्यशाळेचा, एक माणसाचा. बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा या कुंभारांनी १९२० मध्ये सेंट आइव्हजला सुरू केलेल्या लीच पॉटरीचा शिक्का म्हणजे एस आणि त्यावरून उभा आय, सोबत दोन ठिपके. हा शिक्का एकटा असेल तर भांडं त्या कार्यशाळेचं, एवढंच सिद्ध होतं. रोजच्या वापराची भांडी तिथे कितीतरी शिकाऊ आणि कारागीर हातांनी चाकावर घडवलेली आहेत. एस-आय दिसला की ‘बर्नार्ड लीच’ लिहायचं, ही बाजारातली सर्वांत महागडी चूक.

कुंभार मायकेल कार्ड्यू यांचा एम-सी शिक्का उलट बाजूने तेच शिकवतो. विंचकोमला ते १९२६ पासून होते, इंग्लंडमधल्याच वेनफर्ड ब्रिजला १९३९ मध्ये गेले, नायजेरियातल्या अबुजाला १९५१ नंतर. एम-सी माणूस सांगतो. शेजारचा कार्यशाळेचा शिक्का जागा सांगतो आणि जागेवरून काळ. कुंभार लुसी री यांच्या बाबतीत खूण करण्याची पद्धतच काळ सांगते: व्हिएन्नातल्या भांड्यांवर रंगाने लिहिलेलं एल-आर-जी आणि व्हिएन्नाचं नाव, १९३८ मध्ये लंडनला आल्यानंतर दाबलेला एल-आर. कुंभार हान्स कोपर १९४६ मध्ये त्यांच्या स्टुडिओत आले, आणि दोघांनी मिळून केलेल्या कप-बशांवर दोघांचे शिक्के शेजारीशेजारी सापडतात. विक्रेत्याने त्यातला एकच पाहिलेला असतो.

सेंट आइव्हज नावानेही फसायला होतं. १९६३ मध्ये तिथेच सुरू झालेल्या ट्रॉइका या कार्यशाळेच्या भांड्यांच्या बुडावर गावाचं नाव आणि हाताने रंगवलेली आद्याक्षरं असतात, पण ती रंगवणाऱ्याची, भांडं साच्यातलं. १९७० मध्ये ट्रॉइका न्यूलिन या गावी गेलं, त्यामुळे सेंट आइव्हजचं नाव असलेली खूण त्याआधीची. साच्याचं ओळखायला आतून बोट फिरवावं: चाकावरच्या वळ्या नाहीत, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, कुठेतरी जोडाची पुसट रेघ. चाक फिरत असताना तारेने कापलेल्या बुडावर शिंपल्यासारख्या वळ्या उमटतात, चाक थांबवून कापलं तर समांतर रेघा. या खुणा शिक्क्याइतक्याच बोलक्या.

संग्रहालयांच्या ऑनलाइन नोंदी संथ पण भरवशाच्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या नोंदींत भांड्यावरच्या खुणा आणि मजकूर वेगळे दिलेले असतात, मापं असतात, भांडं संग्रहात कधी आलं ते असतं. त्रास एवढाच की बुडाचा फोटो दर वेळी नसतो, वर्णनावर भागवावं लागतं. लिलावांच्या जुन्या नोंदी त्यांच्या खालोखाल, पण आंधळा विश्वास नको: १९८०च्या सुमारास इंग्लंडमधल्या फेदरस्टोन तुरुंगाच्या मातीकामाच्या वर्गात घडलेली ‘बर्नार्ड लीच’ भांडी, शिक्क्यासकट, लंडनच्या लिलावांपर्यंत पोहोचली होती.

आणि काही भांड्यांपुढे ही सगळी साधनं रिकाम्या हाताने परततात. इंग्लंडमधले कुंभार रिचर्ड बॅटरहॅम आपल्या भांड्यांवर शिक्का मारत नसत. हामादांनी जपानमधल्या माशिकोला स्थिरावल्यावर सही करणं सोडून दिलं. त्यांची सही असते ती भांड्याच्या लाकडी पेटीवर. जपानी भांडं पेटीसकट मिळालं तर पेटी टाकू नये, आणि पेटी त्याच भांड्याची आहे का हे आतल्या जागेचं माप घेऊन पाहावं. पेटीविना मिळालेल्या भांड्याच्या नोंदीत मातीचा रंग, बुडाच्या कडीची उंची, ग्लेझ कुठे थांबलाय, तारेच्या वळ्या कुठल्या दिशेला जातात हे सगळं लिहावं, आणि नावाचा रकाना कोरा ठेवावा.